किल्ली द्यायची सवय आत्याला कोणी लावली?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. आणि घरात ज्या बाईच्या नावावर बँकेचं खातं आहे, तिला वाचून दाखवा.

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या आत्याच्या खात्यातून ३८,००० रुपये गेले. घरावरचे पत्रे बदलायला साठवले होते. फोन आला. पलीकडचा माणूस गोड मराठीत बोलत होता. "मावशी, तुमच्या योजनेचं केवायसी अर्धवट राहिलंय, हप्ता बंद होईल. मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे सांगा." आत्याने सांगितले. दोनदा आले, दोनदा सांगितले. खातं रिकामं.

मी तिला घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिलात ना? मग आम्ही काय करणार?" बाहेर आल्यावर आत्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाला, मना वाटला सरकारी मानूस हाय. त्यानी आकडे मांगले, मी दिले. मागं त्या केंद्रावर बी असेच दिलते ना?"

हा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कारण आत्याचं बरोबर आहे. दोन महिन्यांपूर्वी फॉर्म भरायला ती एका केंद्रावर गेली होती. तिथल्या पोराने तिचा मोबाईल हातात घेतला, आलेले आकडे स्वतःच वाचले, स्वतःच टाकले, ५० रुपये घेतले आणि "झालं, जा" म्हणाला. तेव्हा कुणी म्हटलं नाही की मावशी, हे आकडे कुणाला सांगायचे नसतात. तेव्हा ते सांगणं म्हणजे सरकारी काम होतं. दोन महिन्यांनी तेच केलं तर तो अडाणीपणा?

आता मी जे बोलणार आहे ते काही जणांना झोंबेल. लोकांच्या अडाणीपणामुळे फसवणूक होते, ही आपल्याकडची सगळ्यात सोयीची थाप आहे. कुलूप उत्तम आहे. किल्ली लोकांकडून रोज काढून घेतली जाते, आणि ती काढून घेणारी आपलीच व्यवस्था आहे.

कुलूप म्हणजे काय, हे आधी बघू. शाळेत असताना आपण सगळे 'च'च्या भाषेत बोललोय. बाजार म्हणायचं तर 'चाजारब'. मोठ्यांना कळू नये म्हणून. झालं, हीच गुप्तलिपी. ज्याला नियम माहीत त्याला अर्थ कळतो, बाकीच्यांना नुसता कलकलाट.

हा खेळ फार जुना आहे आणि आपल्या मराठीत तो फार गंभीरपणे खेळला गेलाय. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त लिहिल्या. मराठी गद्याची सुरुवात सांगताना या ग्रंथाचं नाव पहिलं घेतात. पण हा ग्रंथ आणि महानुभाव पंथाचे इतर ग्रंथ पुढे सांकेतिक लिपीत लिहिले जाऊ लागले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरवून दुसरी खूण. पंथाबाहेरच्या माणसाच्या हातात पोथी पडली तरी त्याला ओ की ठो कळणार नाही. ग्रंथ जपायचे होते, त्यामागे त्यांची कारणं होती, मी नावं ठेवत नाही. पण परिणाम बघा. मराठी माणसाच्या भाषेतलं पहिलं मोठं गद्य शतकानुशतकं मराठी माणसालाच वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे आपल्याला कळलं की आपल्या घरात एवढा ठेवा आहे.

यातून मी एक गोष्ट घेतली. किल्ली ज्याच्या हातात, घर त्याचं. पोथी तुमच्याच भाषेत आहे, पण किल्ली तुमच्याकडे नाही, तर पोथी तुमची नाही.

दुसरी गोष्ट अशी की अक्षर बदलून केलेलं कुलूप कच्चं असतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदी नावाच्या विद्वानाने ते कसं फोडायचं हे लिहून ठेवलं. प्रत्येक भाषेत काही अक्षरं जास्त येतात, काही कमी. मराठीत पानभर लिहिलं तर 'आहे' आणि 'आणि' पुन्हा पुन्हा येणारच. मग कुठली खूण किती वेळा आली ते मोजत बसायचं. जी जास्त येते ती कुठल्या अक्षराची, याचा अंदाज बांधायचा. चिकाटी असेल तर कुलूप उघडतं.

म्हणून राजे, सेनापती, हेर हजार वर्षं नवीन नवीन कुलपं करत राहिले आणि दुसऱ्या बाजूचे ती फोडत राहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं एनिग्मा यंत्र होतं. आधी पोलंडच्या गणितज्ञांनी आणि मग इंग्लंडात ब्लेचली पार्कला बसलेल्या लोकांनी ते फोडलं. पण या सगळ्या गोष्टीत तुमच्या-माझ्या पणज्याला काही जागा नव्हती. गुप्तता ही राजाची चैन होती. गरिबाचं सगळं उघड्यावर.

१८८३ मध्ये केर्कहॉफ्स नावाच्या प्राध्यापकाने एक नियम लिहिला, तो आजही चालतो. कुलूप कसं बनवलंय हे शत्रूला कळलं तरी बिघडता कामा नये. फक्त किल्ली गुप्त राहिली पाहिजे. म्हणजे सगळा भार किल्लीवर. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९७६ साल आलं. अमेरिकेत डिफी आणि हेलमन या दोघांनी मांडलं की दोन अनोळखी माणसं आधी कधीही न भेटता, सगळ्यांच्या देखत बोलून, आपसातली गुप्त किल्ली ठरवू शकतात. पुढच्याच वर्षी रिवेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी दोन किल्ल्यांचं कुलूप बनवून दाखवलं. एक किल्ली जगाला वाटायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. पोस्टाची लाल पेटी आठवा. पत्र कुणीही टाकू शकतो, काढतो फक्त पोस्टमन.

हे चालतं एका साध्या गोष्टीवर. १७ गुणिले २३ किती? कागदावर करा, ३९१. पण मी नुसतं ३९१ सांगितलं आणि विचारलं की कुठल्या दोन आकड्यांचा गुणाकार, तर वेळ लागेल. आता ३९१ च्या जागी ६१७ अंकी संख्या घ्या. आजचे सगळे कॉम्प्युटर लावले तरी कुणाच्या हयातीत उत्तर येत नाही. या कुलपात असेच मोठे आकडे असतात.

म्हणजे काय झालं बघा. माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा लोधिवलीच्या नाक्यावरच्या टपरीवाल्याला असं कुलूप मिळालं, जे कुठल्याही राजाला जबरदस्तीने फोडता येत नाही. त्याच्या क्यूआर कोडवर तुम्ही १० रुपये टाकता तेव्हा मध्ये हेच गणित असतं. एटीएम कार्डावरच्या चिपमध्ये ते आहे, सिमकार्डाच्या पोटात गुप्त किल्ली आहे. २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरचा तुमचा प्रत्येक मेसेज अशा कुलपात बंद होऊन जातो. पाताळगंगा एमआयडीसीतला पोरगा रात्रपाळीतून घरी 'पोचलो' असा मेसेज करतो, तोही. राजाची चैन गरिबाच्या खिशात आली. माझ्या मते ही साधी गोष्ट नाही, ही क्रांती आहे.

आणि आपण या क्रांतीचं काय केलं? तिच्या किल्लीची झेरॉक्स काढली.

ओटीपी म्हणजे किल्ली. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसऱ्या खात्रीची सक्ती केली आणि बहुतेक ठिकाणी ती ओटीपीच्या रूपात आली. हेतू चांगला होता. कार्ड चोरलं तरी फोन तुमच्याजवळ आहे, त्यामुळे चोर अडकेल. पण मग प्रत्येक खात्याला, प्रत्येक कंपनीला ही किल्ली आवडली आणि प्रत्येक जण ती मागू लागला.

आत्याच्या एका महिन्याचा हिशेब मांडतो. गॅसवाला सिलिंडर घेऊन येतो आणि कोड मागतो. तो द्यायचाच, नाहीतर सिलिंडर मिळत नाही. पार्सलवाला ओटीपी मागतो. द्यायचा. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, दुकानदार म्हणतो ओटीपी येईल तो सांगा. द्यायचा. योजनेचं केवायसी करायला केंद्रावर जायचं, तिथे द्यायचा. नवीन सिमकार्ड घेतलं, द्यायचा. बचत गटाच्या कर्जाचा माणूस आला, द्यायचा. आणि मग एक फोन येतो, तिथे मात्र द्यायचा नाही! सगळ्या ठिकाणी आकडे सहा किंवा चार, मेसेज इंग्रजीत, मागणारा अनोळखी. सहा ठिकाणी दे आणि सातव्या ठिकाणी देऊ नको, हे आत्याने कशावरून ओळखायचं? मला तरी सांगता येत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारचा ओटीपी, आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. कागदावर ते घरबसल्या करायचं होतं. पण ज्या बाईला वेबसाइट उघडता येत नाही ती काय करणार? ती दुसऱ्याच्या हातात फोन देणार. योजनेला माझा विरोध नाही. बायकांच्या हातात पैसे येतायत, उत्तम आहे. पण योजना आखताना कुणीतरी विचारायला हवं होतं की आपण राज्यातल्या लाखो बायकांना अनोळखी माणसाला किल्ली द्यायचा सराव तर देत नाही ना? आणि मग त्याच बाईला फोनवर रेकॉर्ड ऐकवायची, सावध राहा, ओटीपी सांगू नका. आधी सराव करून घ्यायचा आणि परीक्षेत तेच लिहिलं म्हणून नापास करायचं.

केंद्रावरच्या पोराला मी चोर म्हणत नाही. दारात ५० माणसं उभी, सर्व्हर बसलेला, प्रत्येक अर्जामागे मिळणार थोडं. तो मोबाईल हातात घेतो कारण तसं केलं नाही तर दिवसाला १० अर्जही होणार नाहीत. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. दोष रचनेचा आहे आणि रचना करणाऱ्यांना नावं आणि खुर्च्या आहेत.

आता अंगठ्याचं. ओटीपी एकदा वापरला की मेला. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येतो का? आधारवरून पैसे काढायच्या सोयीत आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढं पुरतं. २०१८ मध्ये तेलंगणात एक प्रकरण उघडकीस आलं. नोंदणीच्या कागदपत्रांवरचे अंगठ्याचे ठसे घेऊन रबराचे नकली ठसे बनवले होते आणि त्यावर सिमकार्डं चालू केली होती. आता आपल्याकडे बघा. कर्जत-खालापुरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती जमिनी विकल्या गेल्या? प्रत्येक खरेदीखताला अंगठे. त्या कागदांच्या किती झेरॉक्स कुठल्या कुठल्या एजंटाच्या गाडीच्या डिकीत पडल्या असतील? आणि वाड्यांवरच्या कातकरी माणसाचा अंगठा वीटभट्टीवर झिजून मशीनला ओळखू येत नाही, त्याला रेशनसाठी चार फेऱ्या. खऱ्या माणसाला मशीन ओळखत नाही आणि रबराच्या ठशाला ओळखतं.

अंगठा म्हटलं की आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. खोतीच्या काळात कुळांनी न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठे दिले आणि पिढ्यान् पिढ्या त्याची किंमत मोजली. शेवटी अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसली नाही, उपासमार काढली, पण हटले नाहीत. तेव्हाही सावकार म्हणायचा, अंगठा तूच दिलास ना? आज काउंटरवरचे साहेब म्हणतात, ओटीपी तुम्हीच दिलात ना? वाक्य तेच आहे.

काही शिकलेले मित्र मला म्हणतात, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" तुझ्या घराला दार कशाला आहे मग? सातबारा, आजारपणाचे रिपोर्ट, पोरीचा मोबाईल नंबर, खात्यातली शिल्लक, हे सगळं वेशीवर टांगशील? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. तो अधिकार बंगलेवाल्याला आहे तसा वाडीवरच्यालाही आहे.

दुसरे म्हणतात, "व्हॉट्सअॅपला कुलूप आहे ना, मग आधारचा फोटो पाठवला तर काय होतं?" दादा, कुलूप रस्त्यात आहे. तुझ्या फोनपासून त्याच्या फोनपर्यंत कुणी वाचू शकत नाही. पण फोटो त्याच्या फोनवर पोचला की कुलूप उघडलंच. पुढे तो कुणाला पाठवतो हे गणित थांबवू शकत नाही.

२७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. बरोबर सांगितलं होतं. देशभर गोंधळ झाला, आणि दोन दिवसांत २९ तारखेला ते मागे घेतलं. लोकांनी नेहमीची समजूत वापरावी, असं म्हणाले. साहेब, आमची समजूत ठीक आहे. प्रत्येक टेबलावर झेरॉक्स मागणाऱ्याला समजूत द्या.

आता तक्रारीपुरतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलंय की खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारात चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून पहिलं काम, १९३० वर फोन आणि बँकेत लेखी तक्रार, पोच घेऊन. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आत्याची तक्रार मी केली आहे. पैसे येतील की नाही माहीत नाही. पण "मग आम्ही काय करणार" हे उत्तर मी मान्य केलेलं नाही.

मला मात्र त्या नियमातच खोट दिसते. ओटीपी दिला म्हणजे निष्काळजीपणा, असं तो धरतो. सरकारनेच ज्या गोष्टीची सवय लावली तिला निष्काळजीपणा कसं म्हणायचं?

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. मागण्या चार.

एक. गावात कुठल्याही योजनेचं काम होईल तिथे मोबाईल बाईच्या हातातच राहील. आकडे तीच वाचेल, तीच टाकेल. येत नसेल तर तिच्या घरचं माणूस टाकेल. वेळ लागला तर लागू दे.

दोन. झेरॉक्स घ्यायचीच असेल तर आधारचे शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत घ्यावी. अशी प्रत आधारच्या वेबसाइटवरूनच मिळते. आणि कुठल्या कामासाठी दिली ते तारखेसह तिच्यावर लिहावं.

तीन. आधारचा अंगठा बंद-चालू करायची सोय आधारच्या अॅपमध्ये आहे. ती वापरायला शिकवण्याचं शिबिर पंचायतीने घ्यावं, वाड्यांवर जाऊन घ्यावं. रेशनला चालू, बाकी वेळ बंद.

चार. ओटीपीचा मेसेज मराठीत यावा आणि त्यात स्पष्ट लिहावं की हा आकडा दिल्यावर नेमकं काय होईल. 'सिलिंडर मिळेल' की 'खात्यातून १९,००० रुपये जातील'. ही मागणी ठरावाने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवावी. एका ओळीची गोष्ट आहे. ती ओळ असती तर आत्या फोन ठेवून मोकळी झाली असती.

जाणकार म्हणतील, ग्रामसभेच्या ठरावाने दिल्ली हलत नाही. नसेल हलत. पण पहिली तीन कामं दिल्लीला न विचारता होतात. आणि चरीच्या शेतकऱ्यांनाही पहिल्या दिवशी कुणीतरी हेच म्हणालं असेल.

घरावरचे पत्रे या वर्षी बदलले नाहीत. आत्याने ताडपत्री टाकली आहे. काल तिच्याकडे बसलो होतो, तेव्हा पुन्हा एक फोन आला. नंबर अनोळखी. तिने माझ्याकडे बघितलं, फोन उलटा ठेवला आणि वाजू दिला. दुसऱ्या दिवशी कळलं, तो सिलिंडरवाला होता. सिलिंडर परत गेला.

आता सांगा, चूक आत्याची का?

ग्रामसभेला या. पटलं नसेल तर भांडायला या, पण या.